देवळाला विचारायचे चार प्रश्न

तू यादी मागितलीस. यादी पाठवत नाही. नाशकातल्या देवळांची यादी करायला बसलं तर वही पुरायची नाही, आणि हातात यादी असली की माणूस देऊळ बघत नाही, नुसत्या खुणा करत पुढे पळतो. त्यापेक्षा माझ्या सासऱ्यांनी मला दिलेला कानमंत्र तुला देते. मामंजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. देवभोळे अजिबात नव्हते, पण पहाटे गंगेवर जाणं चुकवायचे नाहीत. (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. तूही आता तसंच म्हणायला लाग.) त्यांचं सांगणं असं, की देवाला नमस्कार झाला की देवळाला चार प्रश्न विचारायचे. पैसा कुणाचा? दगड कुठला? दार कुणाला? आणि आज दिवा कोण लावतं?

हे चार प्रश्न घेऊन चार जागा बघितल्यास तर चाळीस देवळांची घाईघाईची फेरी मारणाऱ्यापेक्षा जास्त पदरात पडेल.

निघण्याआधी

सकाळी साडेसहाला रविवार कारंजावर ये. लवकर कशाला, असं तुझ्याबरोबर येणारा भाचा विचारेल. त्याला सांग, कोरीव काम तिरक्या उन्हात दिसतं. ऊन डोक्यावर आलं की हत्ती, वेलबुट्टी, मोर सगळं सपाट होतं. दुसरं म्हणजे आपल्याकडचा दगड काळा. एप्रिल-मेमध्ये अकरा वाजता देवळाच्या आवारात अनवाणी पाऊल टाकून बघ, प्रदक्षिणा धावत होईल.

पायात चटकन निघणारी, जुनी चप्पल घाल. बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात सकाळ जाते आणि नव्या चपलेत जीव अडकतो. सुटे पैसे ठेव. एक मोठी ओढणी किंवा पंचा जवळ असू दे, दर्ग्यात डोकं झाकायला, उन्हात सावलीला आणि बसायला अंथरायलाही. लहान दुर्बीण मिळाली तर घेच. शिखराच्या वरच्या थरांवर काय कोरलंय ते खालून नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

वार बघून ये. सोमवारी कपालेश्वराला रांग असते, शनिवारी मारुतीला, आणि बुधवारी घाटावर आठवड्याचा बाजार भरतो. बाजार बघायचा असेल तर बुधवारसारखा वार नाही, पण देवळं बघायची तर मंगळवार किंवा गुरुवार बरा. चैत्रात रामनवमीनंतरच्या एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या दिवशी देऊळ बघायचं मनातही आणू नकोस, गर्दीत उभी राहून रथ ओढणाऱ्यांचे हात बघ.

पावसाळ्यात आधी दुतोंड्या मारुतीची चौकशी कर. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच हा दोन तोंडांचा मारुती उभा आहे आणि नाशिककरांसाठी तोच पुराचं माप. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावात विचारतात, मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का. कमरेच्या वर गेलं असेल तर घाटाकडे फिरकू नकोस. पाणी ओसरल्यावरही पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे हिरोगिरी नको.

आणि सिंहस्थ तोंडावर आला असेल तर घाटावर खोदाखोद, पत्रे, जेसीबी असणारच. बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी गाव घर रंगवायला काढतं. वैष्णव आखाड्यांचं स्नान इथे रामकुंडात आणि शैवांचं त्र्यंबकेश्वरी, एवढं लक्षात ठेव.

कसं बघायचं

प्रत्येक देवळाला दोन प्रदक्षिणा घालायच्या. पहिलीत मान वर. शिखर, त्यावरची लहान लहान शिखरं, आमलक, कळस, सज्जे, कमानी. दुसरीत नजर खाली. जोतं, त्यावरचे थर, दाराची चंद्रशिळा, उंबऱ्यावरचं कीर्तिमुख, पाणी बाहेर नेणारं गोमुख. नजर एकाच वेळी सगळीकडे गेली की काहीच राहत नाही लक्षात.

फोटो मागाहून. आणि गाभाऱ्यात कॅमेरा काढायचाच नाही, कुणी बघत नसलं तरी.

लोक गोष्टी सांगतील. फुलवाली सांगेल, पुजारी सांगेल, रिक्षावालाही सांगेल. सीतागुंफेजवळ तर पाच वडांना आकडे घातलेत, तिथे प्रत्येक आकड्याची एकेक कथा ऐकायला मिळेल. ऐकून घे, वाद घालू नकोस. फक्त मनात दोन रकाने ठेव, एक 'सांगतात' आणि दुसरा 'कोरलंय'. शिलालेख, घंटेवरचं साल, दरवाज्यावरची पाटी हे दुसऱ्या रकान्यात. दोन्ही रकाने मोलाचे आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की माणूस छातीठोकपणे भलतंच सांगायला लागतो.

पहिला प्रश्न: पैसा कुणाचा?

रविवार कारंजावरून होळकर पुलाकडे निघालीस की सुंदरनारायणाचं देऊळ लागतं. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधलं. होळकरांच्या दरबारातला हा कारभारी माणूस. म्हणजे होळकरांच्या चाकरीतून आलेला पैसा इथे गंगेच्या काठी दगडात उतरला. देवळाला तीन बाजूंनी सज्जे आहेत आणि त्यांवर घुमट. नक्षीदार कमानी आणि घुमट बघून बिचकू नकोस. मराठी सरदारांची नजर मोगली इमारती बघून तयार झालेली होती. त्यांना जे आवडलं ते त्यांनी देवाच्या घरालाही लावलं, आणि त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

मग पूल ओलांडून पंचवटीत जा आणि घाटाने नारोशंकराच्या देवळापाशी ये. याचं खरं नाव रामेश्वर, पण देवापेक्षा बांधणाऱ्याचं नाव मोठं झालं. १७४७ साली नारोशंकर राजेबहादूर यांनी हे बांधलं. हा माणूस मराठ्यांचा झाशीचा सुभेदार होता. झाशीच्या किल्ल्याचा शंकरगड हा भाग त्याचाच, मालेगावचा भुईकोटही त्याचाच. बुंदेलखंडातला वसूल कुठे कुठे पोचला ते बघ. देवळाभोवती किल्ल्यासारखा तट आहे आणि तटाच्या कोपऱ्यांवर घुमटाच्या छत्र्या आहेत, उत्तरेकडच्या वाड्यांवर असतात तशा. किल्ले बांधणाऱ्याने देऊळ बांधलं की त्याचा हात लपत नाही. भाऊ लक्ष्मणशंकर यांनीही त्याच वर्षी घाटावर नीलकंठेश्वर बांधलं. भावाभावांत चढाओढ होती की समजूत होती, ते तू ठरव.

इथे थोडी थांब आणि दर्शनी तटावरची घंटा बघ. भलीमोठी, काशाची. तिच्यावर साल आहे १७२१. ही घंटा मुळात महादेवाची नव्हे. ती पोर्तुगीजांच्या चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर आल्या. एक इथे आली, आणखी भीमाशंकरला गेल्या, वाईजवळ मेणवलीला गेल्या. म्हणजे 'पैसा कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर कधी कधी 'लुटीचा' असंही असतं. तेही तोंड न फिरवता वाचायचं. त्या घंटेचा आवाज इतका मोठा, की मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईला आमच्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच ही पदवी मिळाली होती. मोठ्या पुरात पाणी या घंटेपर्यंत चढतं. खालून वर बघ आणि मधली उंची डोळ्यांनी मोज, म्हणजे गंगा काय चीज आहे ते कळेल.

मग दुसरी प्रदक्षिणा. देवळाच्या बाहेरच्या अंगावर माकडं आहेत, हत्ती आहेत, वाघ-बिबळे आहेत, माळ ओढणारे साधू आहेत. पुराणातल्या देवांपेक्षा कारागिराने रोजच्या पाहण्यातले जीव किती मनापासून कोरलेत बघ. साधूंकडे तर नीट बघ, सगळ्यांचं लक्ष माळेत नाही.

घाटावरच देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं स्थान आहे. सटाण्याला मामलेदार असताना दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. सरकारी नोकराचं देऊळ झालेलं तू दुसरीकडे क्वचितच बघशील. त्यांचं देहावसान १८८७ साली नाशकात झालं. समोरच्या पटांगणात उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला चालते. पैसा कुणाचा, याचं इथलं उत्तर सरकारचा, आणि तो योग्य जागी गेला.

दुसरा प्रश्न: दगड कुठला, हात कुणाचा?

आता काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला हे देऊळ बांधलं. ओढा म्हणजे इथलंच, नाशिकजवळचं गाव. बांधायला बारा वर्षं लागली आणि तेवीस लाख रुपये खर्च आला, असं सांगतात. ओवऱ्यांच्या कमानी ९६ आहेत, असंही सांगतात. हवं तर मोज, पण शिखराची सुमारे सत्तर फुटांची उंची डोळ्यांनी पकड, ते जास्त कामाचं.

दगड रामशेजचा. रामशेज हा नाशिकच्या उत्तरेचा किल्ला, औरंगजेबाच्या फौजेशी वर्षानुवर्षं झुंजलेला. तिथून हा काळा पाषाण गाडीवर घालून आणला. सह्याद्रीचा दगड चिवट असतो. राजस्थानातल्या वालुकाश्मासारखी त्यात जाळीदार नक्षी निघत नाही. म्हणून आमच्याकडचे पाथरवट सावलीवर काम करतात. खोल खाचा, ठसठशीत थर, मोठे सपाट पृष्ठभाग. सकाळच्या उन्हात काळारामाच्या भिंतीवर थरांच्या सावल्या एकाखाली एक पडतात. नक्षीत बोटभर रुंदीची जागा कारागिराने रिकामी सोडलेली दिसेल. ती आळसाने सोडलेली नाही, सावली पडायला जागा हवी म्हणून सोडली आहे.

मामंजींची एक खोड होती. दोन दगडांच्या सांध्यावर अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं तर सांधा ढिला. काळारामाला नख अडकायचं नाही. तू करून बघ, पण शेंदूर-तेल लागलेल्या जागी नको, आणि कोरीव मूर्तीवर तर नकोच. हाताचा घाम आणि तेल दगडाला चांगलं नाही. जिथे जिथे भाविकांचे हात लागतात तिथली नाकं-डोळे गुळगुळीत होऊन गेलेत, ते बघशीलच.

सभामंडप मूळ देवळापासून वेगळा आहे, चहूबाजूंनी उघडा. त्यात मारुती रामाकडे तोंड करून हात जोडून उभा आहे. या मंडपात बसून कीर्तन ऐकलंस तर कमानी कशासाठी आहेत ते कळेल. वारा येतो, आवाज गर्दीत शेवटपर्यंत पोचतो आणि बसलेल्याला समोर राम दिसतो. मामंजी म्हणायचे, वास्तू बघायची तर तिच्या कामाच्या वेळी बघायची.

हाताचा माग काढायचा तर संध्याकाळी परत अलीकडे ये. भांडी बाजार, सराफ बाजार, तिवंधा या बोळांतून फिर. पूर्वी इथे तांबटांच्या हातोड्यांनी कान किटायचे. आता आवाज कमी झालाय, पण देवीचे चांदीचे मुखवटे, प्रभावळी, समया, देव्हारे अजूनही इथे घडतात आणि विकायला मांडलेले दिसतात. घासाघीस नंतर कर. आधी नुसतं विचार, हे पत्र्यावर ठोकून केलंय की ओतलंय? प्रश्न नेमका विचारलास की दुकानदार आपणहून चार वस्तू खाली काढतो. बोळातून चालताना पाटीच्या वरही बघ. खाली मोबाईलचं दुकान आणि वर लाकडी सज्जा, कोरीव हस्त, घोड्याच्या तोंडाचे आधार. याच भागातल्या जुन्या सरकारवाड्याचे लाकडी खांब बघितलेस की देवळातला दगड आणि घरातलं लाकूड यांत तीच नक्षी कशी ये-जा करते ते दिसेल.

तिसरा प्रश्न: दार कुणाला?

मामंजी हा प्रश्न नेहमी काळारामाच्या दारातच विचारायचे, आत जाण्याआधी. देवळाला चार दिशांना चार दारं आहेत. २ मार्च १९३० रोजी ही चारही दारं बंद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य सत्याग्रही, पुरुषही आणि बायकाही, रामाच्या दर्शनाचा हक्क मागत दारांशी बसले. इथल्या आघाडीवर दादासाहेब गायकवाड होते. त्या वर्षी रामनवमीच्या सुमारास रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालू राहिला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

तू दारात उभी राहशील तेव्हा ही तारीख आठव. शिखराची उंची, कळसाचा मुलामा, कमानींचा आकडा सगळं मार्गदर्शक सांगेल. कुणाला आत घेतलं नव्हतं ते बहुतेक सांगणार नाही. विचारलंस तर सांगेल, तेव्हा विचार. सार्वजनिक देवळं सर्व हिंदूंना खुली करणारा महाराष्ट्राचा कायदा १९५६ चा. त्याच कायद्याच्या आधारावर बायकांना गाभाऱ्यात जाण्यापासून रोखता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयात स्पष्ट व्हायला २०१६ उजाडलं, आणि त्या वर्षी आपल्या त्र्यंबकेश्वरीही त्यावरून रण माजलं.

हाच प्रश्न दुसऱ्या दारांनाही विचारायचा. जुन्या नाशकात पिंजारघाटाकडे बडी दर्गा आहे. तिथे सगळ्या धर्मांची माणसं मन्नत मागायला येतात. जाताना डोकं झाक, चपला बाहेर काढ, आणि बायकांनी कुठवर जायचं ते तिथल्या एखाद्या बाईला विचार. पुरुषाला विचारलंस तर तो नियम सांगेल. बाई रीत सांगते.

आणि सवड असेल तर शरणपूर रस्त्याने चालत जा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली. त्यांना बाहेर 'नासिक बॉइज' म्हणत. त्यातला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं काळीज जिथे पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती या पोराने. पुढे तो मृतदेहासोबत इंग्लंडला गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. तिथल्या चर्चकडे बघताना हे ध्यानात ठेव. आपल्याच कुणाची पोरं नव्हती, तरी एका गावाने त्यांना अक्षर दिलं.

चौथा प्रश्न: आज दिवा कोण लावतं?

देऊळ बांधणं एका पिढीचं काम. ते टिकवणं सगळ्या पिढ्यांचं. पूर्वी दिवाबत्तीला इनाम जमिनी असत, सनदा असत. आता विश्वस्त असतात, दानपेटी असते, आणि काही ठिकाणी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते. पाटी दिसली की थांबून वाच. संरक्षित स्मारक असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि ते बरंच आहे. नाहीतर भाविक प्रेमापोटी दगडाला ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स बसवतात. काळा दगड श्वास घेतो, असं मामंजी म्हणायचे. पेंट मारला की आतली ओल आतच राहते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. असे पापुद्रे कुठे सुटलेत ते शोध. दोन देवळांत तुझी नजर तयार होईल.

सुंदरनारायणाची दुरुस्ती राज्याच्या पुरातत्त्व विभागाने अलीकडच्या वर्षांत हाती घेतली. झिजलेले दगड उतरवून नवे घडवून बसवायचे. जुना दगड कुठला आणि नवा कुठला, हे ओळखायचा खेळ खेळ. नव्याच्या कडा तीक्ष्ण असतात आणि रंग एकसारखा असतो.

रामकुंडावर तीर्थोपाध्याय भेटतील. विधी करायचा नसेल तर हात जोडून 'नको गुरुजी' म्हण, रागावू नकोस. पण तुझं माहेरचं आडनाव आणि मूळ गाव सांगून बघ. त्यांच्याकडे यजमानांच्या नामावळीच्या चोपड्या असतात. आपले पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, हे त्यात सापडू शकतं. जुनी पानं मोडीत असतात, ते वाचून दाखवतात. सापडलं तर दक्षिणा सढळ हाताने दे. कित्येक पिढ्यांचं दप्तर कुणा सरकारी मदतीशिवाय सांभाळलंय त्यांनी.

समोर पायऱ्या चढून कपालेश्वर. शंकरासमोर नंदी नाही, त्याची गोष्ट तिथे कुणीही सांगेल. पहिल्या रकान्यात टाक.

जिथे चारही उत्तरं एकाच भिंतीवर आहेत

दुसऱ्या दिवशी बसने पांडवलेण्याला जा आणि पायऱ्या चढ. नावाला पांडवलेणी, पण पांडवांचा संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपासूनची. इथे मामंजींचे प्रश्न विचारावेच लागत नाहीत, कारण देणाऱ्यांनी उत्तरं खोदून ठेवली आहेत.

लेणं क्रमांक ३ बघ. ओसरीच्या खाली सहा दणकट यक्ष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत, जणू सगळं लेणं पालखीसारखं उचलून निघालेत. ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ही आई. मुलाचा पराक्रम तिने लिहून ठेवला आणि लेणं भिक्खूंना दिलं. पैसा कुणाचा, तर एका आईचा.

मग क्रमांक १०. इथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्यातला एक माझ्या फार आवडीचा. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. आता हिशोब कर. २,००० वर वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. बारा विसे २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब आणि पै इकडची तिकडे नाही. दिवा कोण लावणार, याची सोय लेणं खोदतानाच करून ठेवली होती. ठेव सांभाळणारे होते आपल्यासारखे गोवर्धनचे विणकर. ते गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या बाजूला आहे.

क्रमांक १८ हे चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागाचं दान धंबिक गावच्या लोकांनी दिलं, असं कोरलंय. राजा नाही, सरदार नाही, गाव. लेण्यात मोबाईलची बत्ती बाजूने धर, समोरून नको. बाजूचा प्रकाश पडला की ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात.

आता थोडं घरातलं

मामंजींनी 'दार कुणाला' हा प्रश्न गावभर विचारला. काळारामाच्या दारात विचारला, त्र्यंबकला विचारला. घरी मात्र कधी विचारला नाही. आमच्या घरात महिन्याचे चार दिवस बायकांना देवघर बंद असायचं, आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हाही 'बायका' हेच होतं. दिवा आम्हीच लावायचा, पण ठरलेल्या दिवशी लांब बसायचं. सासूबाई गेल्यावर मी ती चाल बंद केली. कुणी काही बोललं नाही, मामंजीही नाहीत. तुझ्या घरी काय चालतं ते मला माहीत नाही, पण गंगेवरून परत गेलीस की तो प्रश्न तिथेही विचार. भाच्यालाही विचारू दे.

जेवायला इकडेच या. गाडी आणू नका, पंचवटीत लावायला जागा मिळत नाही.